कागद नसलेल्यांचे पूर्वज

दरवर्षी बारावीचे निकाल लागले, की मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी एक मोठे इतिहाससंशोधन सुरू होते. हे संशोधन करणारे कोणी इतिहासकार नसतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा तत्सम अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी धडपडणारे विद्यार्थी आणि त्यांचे, बहुधा अल्पशिक्षित, पालक हेच येथले संशोधक. आजोबांचे नाव शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात आहे काय, पणजोबांच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात सापडते काय, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात घराण्यातील कोणाच्या नावे एखादा शेताचा तुकडा लागलेला आहे काय, हे पाहण्यासाठी तहसील कचेरी, भूमी अभिलेख कार्यालय आणि जुन्या शाळा यांचे उंबरठे झिजवले जातात. हाती लागलेल्या नकला जोडून, शपथपत्रासह वंशावळ तयार करून, ती जात पडताळणी समितीपुढे ठेवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा होत. त्या तारखेपूर्वी आपले पूर्वज या राज्यात राहत होते आणि ते अमुक जातीचेच होते, हे आजच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने सिद्ध करावयाचे असते.

जगात अन्यत्र पूर्वजांचा शोध ही सुखवस्तू माणसाची हौस समजली जाते. आपल्याकडे ती गरजवंताची परीक्षा झाली आहे. या परीक्षेत कोण उत्तीर्ण होतो आणि कोण अडतो, याचा थोडा विचार केला, तर असे दिसून येईल की येथे निकाल पूर्वजांच्या खरेखोटेपणावर लागत नाही. तो लागतो शे-दोनशे वर्षांपूर्वी त्यांची नोंद ठेवण्यात कोणाचा स्वार्थ होता, यावर.

पाद्र्याची वही, कप्तानाची यादी

प्रथम दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाचा मूळ पुरुष अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधून पेन्सिल्व्हेनियात आला असेल, तर त्याचा माग लागण्याची शक्यता बरीच असते. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी देश सोडून गेलेल्या एका सामान्य शेतकऱ्याचा वा विणकराचा ठावठिकाणा आज लागावा, याचे आपणास आश्चर्य वाटेल. परंतु त्याची कारणे पाहिली म्हणजे ते वाटेनासे होते. झुरिच येथे १५२६ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची सक्ती झाली. बालकांचा बाप्तिस्मा नाकारणारा जो बंडखोर पंथ तेथे उदयास आला होता, त्याचे अनुयायी हुडकून काढणे हा त्यामागील एक हेतू होता. पुढे माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेकडे जाऊ लागली, तेव्हा राज्यातील मनुष्यबळ घटते आहे या चिंतेने झुरिच सरकारने १७४४ मध्ये गावोगावच्या पाद्र्यांकडून देशांतर करून गेलेल्यांच्या याद्या मागविल्या. आणि समुद्रापलीकडे फिलाडेल्फियाच्या बंदरात, परकी माणसांचा लोंढा वाढला म्हणून तेथील वसाहत सरकारने १७२७ पासून सोळा वर्षांवरील पुरुषांकडून इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेवर सह्या घेण्यास प्रारंभ केला. जहाजाच्या कप्तानांनी दिलेल्या याद्याही जपून ठेवल्या गेल्या.

म्हणजे एकाला पाखंड्यांची भीती होती, दुसऱ्याला प्रजा गमावण्याची आणि तिसऱ्याला परक्यांची. या तिन्ही भीतींच्या पोटी ज्या याद्या जन्मास आल्या, त्यांच्या आधारे आजचा अमेरिकन गृहस्थ आपल्या मूळ पुरुषाचे गाव शोधून काढतो. ज्यांनी त्या लिहविल्या, त्यांच्या मनात त्याच्या या सोयीचा विचारही नव्हता.

उसाचे मळे आणि छायाचित्र

हाच न्याय आपल्या मराठी माणसांनाही लागू पडला आहे. मात्र तो महाराष्ट्रात नव्हे, मॉरिशसमध्ये. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लक्ष हिंदी मजूर कराराने त्या बेटावर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणपट्टीतील मराठी कुटुंबे होती. आज त्यांचे पणतू-खापरपणतू मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या दप्तरांतून आपल्या पूर्वजांचा शोध घेतात. प्रत्येक मजुराला क्रमांक दिलेला असे. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरील खुणा एवढा तपशील नोंदलेला असे. १८६० नंतरच्या दशकांतील पुष्कळ मजुरांची छायाचित्रेही त्या दप्तरात आहेत. महाराष्ट्रातील किती शेतमजूर कुटुंबांना १८७० सालच्या आपल्या पूर्वजाचा चेहरा पाहावयास मिळतो?

परंतु या छायाचित्रांचे प्रयोजन काय होते, हे विसरून चालणार नाही. १८६७ च्या मजूरविषयक कायद्यान्वये करार संपलेल्या मजुराला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसल्यास भटक्या म्हणून त्याला पकडता येई. मळेवाल्याला मजूर मोजून हवा होता, सरकारला तो पळून जाऊ नये असे वाटत होते. उसाच्या मळ्याचा हिशेब चोख राहावा म्हणून जे दप्तर उभे राहिले, ते आज नातवंडांच्या दृष्टीने कुलवृत्तांत ठरले आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. नोंद ठेवण्यास खर्च येतो. कागद, शाई, कारकुनाचा पगार आणि दप्तर सांभाळण्याची जागा हा सर्व खर्च कोणी तरी करावा लागतो. आणि ज्याला त्या नोंदीपासून सारा, श्रम, वतन वा बंदोबस्त यांपैकी काही पदरात पडावयाचे असते, तोच तो करतो. इतिहासाच्या कागदांत सामान्य माणूस सापडतो तो बहुधा कोणाच्या तरी वहीखात्यातील एक रक्कम म्हणून.

वतन आणि वंशावळ

महाराष्ट्रात वंशावळी नव्हत्या असे मुळीच नाही. उलट, त्या मुबलक होत्या. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे या वतनदार घराण्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, कारण वतनाचा तंटा उद्भवला म्हणजे वडीलकीची शाखा कोणती आणि धाकटी कोणती हे वंशावळीवरूनच ठरे. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले, तेव्हा हक्क शाबीत करण्यासाठी कैफियती आणि वंशावळी यांचे ढीग सरकारी दप्तरात जमा झाले. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले, तेव्हा हे दप्तर त्यांच्या कामी आले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळींतही यजमानांच्या पिढ्यांची नोंद असते. परंतु ती त्यांची, ज्यांना तीर्थयात्रा आणि दक्षिणा परवडत होती. जमीन, वतन किंवा दक्षिणा यांपैकी काहीही ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांची वंशावळ लिहून ठेवण्याचे कोणाला काय कारण होते?

ज्यांनी सैन्याचे धान्य वाहिले

आता मानोऱ्याकडे वळू. या तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेस आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातूनही माणसे लोटतात. हा समाज मूळ राजस्थानाकडील, आणि बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर व्यापार करणारा. म्हणजे स्विस शेतकरी अमेरिकेस स्थलांतरित झाला, तद्वत बंजाऱ्यांचे पूर्वजही दख्खनमध्ये स्थलांतरित म्हणूनच आले. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान याच्या दख्खनच्या मोहिमेबरोबर राठोड कुळातील भंगी व जंगी नाईक आणि वडतिया कुळातील भगवानदास हे आपापले तांडे घेऊन दक्षिणेत उतरले, अशी परंपरा आहे. भंगी-जंगींच्या तांड्यात एक लक्ष ऐंशी हजार बैल होते असे ती परंपरा सांगते. बैलांचा आकडा स्मरणात राहिला. ते बैल हाकणाऱ्या हजारो माणसांची नावे मात्र कोणत्याही कागदावर उतरली नाहीत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने वऱ्हाडातील आडगाव आणि गाविलगड येथे विजय मिळविले, त्या दख्खनच्या मोहिमेतील पत्रव्यवहारातही धान्य पुरविणाऱ्या बंजाऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो. पण तोही पुरवठ्याची एक बाब म्हणूनच.

पुढे १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून आगगाडी नागपुरास पोचली आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार संपुष्टात येऊ लागला. तांडे स्थिरावले ते गावाबाहेर, माळावर आणि जंगलाच्या कडेला. चांगली जमीन आधीच इतरांच्या नावे लागलेली असल्याने जमाबंदीच्या कागदांत पुष्कळांची नावे आली नाहीत. तांड्यात शाळा फार उशिरा आली, म्हणून शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात त्या घराण्याची पहिली नोंद होते ती शाळेत जाणाऱ्या पहिल्या मुलापासून. त्याच्या निरक्षर बापाची होत नाही. जन्ममृत्यूची नोंद गावात होई आणि तांडा तर गावापासून दूर. जी नोंद झाली तीही लिहिणाऱ्याने कानाला पडेल तशी केलेली. एकाच कुटुंबाच्या कागदांत कोठे बंजारा, कोठे लमाण, तर कोठे लभान असे लिहिलेले आढळते. आडनावाचा तर कित्येकदा पत्ताच नसतो.

मग या समाजाविषयी विस्तृत असे कोणी लिहिले? वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरील सुरुवातीच्या आणि पुढे सर्वाधिक आधारास घेतल्या गेलेल्या लेखनांपैकी एक आहे ते कंबरलेज या अधिकाऱ्याचे. ते १८६९ च्या सुमारास लिहिले गेले आणि १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले, असे मानले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातील बंजाऱ्यांवरील प्रकरण मुख्यतः त्यावरच आधारलेले आहे. हे कंबरलेज साहेब वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील अधिकारी होते. महसूल खात्याला ज्यांच्याकडून फारसा सारा मिळत नव्हता, त्यांची दखल पोलीस खात्याने घेतली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. तो १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्यातून ‘विमुक्त’ हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते. तेलंगणात त्याच समाजाला अनुसूचित जमाती म्हणतात आणि कर्नाटकात अनुसूचित जाती. एकाच मूळ पुरुषाचे तीन वंशज तीन राज्यांत तीन निरनिराळ्या वर्गांत मोडतात, ते राज्यांच्या सीमांमुळे, वंशामुळे नव्हे.

त्यात या प्रदेशाचा इतिहासही गुंतागुंतीचा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आले, १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडले गेले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. जुना बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटले गेले आणि वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तो १९९८ मध्ये. राज्यकर्ते आणि जिल्हे बदलत गेले, तसतशी दप्तरेही एका कचेरीतून दुसरीकडे हलली. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार आणि पलीकडे निजामाचा. तांड्याला ही नदी सीमा वाटत नव्हती. दप्तराला मात्र ती होती.

तोंडी पुरावा टाकाऊ काय?

कागद नाही म्हणून पूर्वजांची आठवण नाही, असे मात्र समजू नये. बंजाऱ्यांत कुळी आणि पोटकुळी यांचे नियम विवाहाच्या वेळी काटेकोरपणे पाळले जातात, आणि ते पाळावयाचे तर पिढ्या तोंडपाठ असाव्या लागतात. ढाडी आणि भाट हे वंशावळी गाऊन जतन करणारे परंपरागत लोक या समाजात आहेत. कित्येक तांड्यांची नावे ते वसविणाऱ्या नाईकांच्या नावावरून पडलेली असतात. म्हणजे तांड्याचे नाव हाच एक पुरावा असतो. आपला कायदाही याबाबत वाटतो तितका कोरडा नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने, मृत व्यक्तीने वाद उत्पन्न होण्यापूर्वी नात्यागोत्यासंबंधी केलेले विधान, तिला त्याची विशेष माहिती असल्यास, ग्राह्य मानले होते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते तत्त्व कायम ठेवले आहे. व्यवहारात मात्र जुन्या कागदास, विशेषतः स्वातंत्र्यपूर्व कागदास, सर्वाधिक वजन दिले जाते. जेथे कागद आहे तेथे हे योग्यच आहे. पण जेथे तो शासनानेच कधी लिहिला नाही, तेथे कागदाचा अभाव हा अर्जदाराविरुद्धचा पुरावा कसा ठरावा?

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा, की तोंडी परंपरेवर विसंबणे धोक्याचे आहे. अलेक्स हॅले या निग्रो लेखकाचे ‘रूट्स’ हे पुस्तक १९७६ मध्ये गाजले. आफ्रिकेतील गांबियामधल्या एका पारंपरिक वंशगायकाच्या तोंडून आपला मूळ पुरुष सापडल्याचे त्यात त्याने सांगितले होते. पुढे संशोधकांनी त्या साक्षीबद्दल गंभीर शंका उपस्थित केल्या. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची अपेक्षा कळली, की आठवण तिकडे झुकते. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष असा, की तोंडी साक्ष वाद उत्पन्न होण्यापूर्वी, निरनिराळ्या व्यक्तींकडून, स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी आणि ताडून पाहावी. ती फेकून द्यावी असा नव्हे. खोट्या वंशावळी वतनाच्या तंट्यांतही कागदावरच रचल्या जात होत्या.

दुसरा आक्षेप असा, की पडताळणी सैल झाली तर खोटे दावेदार खऱ्यांच्या जागा बळकावतील. हे भय खरे आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली ती यामुळेच. पडताळणी हवीच, प्रश्न आहे तो तिच्या खर्चाचा भार कोणी उचलावयाचा हा. महाराष्ट्राच्या २००१ च्या २३ व्या अधिनियमातील ८ वे कलम पुराव्याचा भार अर्जदारावर टाकते. वस्तुतः कोतवाल बुक, अधिकार अभिलेख आणि शाळांची पुस्तके ही सर्व शासनाच्या किंवा त्याने मान्य केलेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत. म्हणजे शासनापाशी असलेली माहिती, शासनाच्याच एका खात्यातून नक्कल काढून, शासनाच्याच दुसऱ्या खात्यापुढे मांडण्याचे काम नागरिक करतो. आणि त्यापायी मजुरी बुडवितो, प्रवासखर्च करतो. नोकरदार बापाला हा खर्च एका रजेचा पडतो, ऊसतोडीला गेलेल्या बापाला तो हंगामातील उचलीतून फेडावा लागतो. ज्याच्यासाठी सवलत निर्माण झाली, त्यालाच ती सर्वांत महाग पडावी, हे कोणत्याही न्यायाच्या हिशेबात बसत नाही.

काय करता येईल?

शासनाला हे काम जमणारे नाही, असे आता म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा प्रथम मराठवाड्यात आणि पुढे राज्यभर जुनी दप्तरे बाहेर काढण्यात आली, मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार कामाला लावण्यात आले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला, त्यानंतर त्याच आधारावर बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी पुढे रेटली. या मागण्यांचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: गॅझेटात समाजाचे नाव असते, माणसाचे नसते. वर्ग कोणताही मिळो, विद्यार्थ्याला आपला आजा-पणजा शोधावा लागतोच. आणि ज्या समाजाच्या मागे आंदोलनाची शक्ती आहे त्याच्यासाठी दप्तरे उघडावीत आणि इतरांनी रांगेत उभे राहावे, हा भेद लोकशाही शासनाला शोभणारा नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक तालुक्यातील कोतवाल बुके, जुने अधिकार अभिलेख आणि शाळांची दाखल-खारीज पुस्तके यांची गावनिहाय आणि नावनिहाय सूची तयार करून ती कोणासही पाहता येईल अशी खुली ठेवावी. नोंद शोधण्याचे काम शासनाचे असावे, ती आपली आहे हे दाखविण्याचे अर्जदाराचे. दुसरी, पितृकुळातील रक्तसंबंधितास वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याच घराण्याची तपासणी प्रत्येक मुलागणिक नव्याने करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या एका निर्णयात हे तत्त्व स्पष्ट केले आहे आणि नियमांतही त्याला पुढे स्थान मिळाले आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. तिसरी, ढाडी आणि भाट यांच्या मुखी असलेल्या वंशावळी, तांड्यांच्या नावांचे मूळ आणि वृद्धांच्या आठवणी यांचे शास्त्रशुद्ध ध्वनिमुद्रण व्हावे. पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आहे. पोशाख आणि दागिने यांच्या जोडीला माणसांच्या पिढ्यांची ही नोंद तेथे राहिली, तर त्या वास्तूचे सार्थक होईल. परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील.

हे करीत असताना एक जुनी चूक टाळावी. फिलाडेल्फियाच्या याद्यांत शपथ घेतली ती पुरुषांनी, म्हणून त्या मुख्यतः पुरुषांच्या. आपल्या पडताळणीची वंशावळही बापाकडूनच वर चढते. पणजीचे नाव कोणी विचारीत नाही. तांडा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी हलत असता वाटेत जिने मुले जन्मास घातली आणि वाढविली, तिचे नाव निदान या नव्या नोंदीत तरी यावे.

कुळाचा अभिमान बाळगून इतरांना हीन लेखण्यासाठी वंशावळी काढण्याचे दिवस गेले पाहिजेत, याविषयी दुमत नसावे. परंतु आपला पणजोबा कोठून आला, त्याने काय वाहिले, कोठे पहिली झोपडी बांधली, हे जाणून घेण्याची इच्छा सर्वांना सारखीच असते. आणि आज तर तिच्यावर मुलामुलींचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून आहेत. पूर्वीच्या राजवटींनी माणसे नोंदली ती आपल्या सोयीसाठी. नागरिकाच्या सोयीसाठी नोंद ठेवणे आणि ती त्याच्या हाती सुलभपणे देणे हे स्वराज्याचे काम होते. ते अद्याप अपुरे आहे, आणि पुढच्या जूनपूर्वी निदान एका तालुक्यात तरी त्यास प्रारंभ होण्यास काही अडचण नसावी.